पाच बुचं

१

मी विश्राम मेस्त्री. खोपटला माझं पत्र्याचं गॅरेज. इंजिन दुरुस्त करायला डोळे नाही, कान लागतात, हे मी कोणालाही पैजेवर दाखवलं असतं. हातभर रबराची नळी कायम माझ्या गळ्यात असायची. एक टोक कानात घालायचं, दुसरं चालत्या इंजिनावर फिरवायचं. हवा कुठून चोरून शिरते, कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतो, सगळं कळतं. लढाईच्या वर्षांत कल्याणला मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये एवढं शिकलेलो, आणि त्यावर माझं बरं चाललेलं. भूतखेत, नजर, करणी असलं काही कोणी माझ्यासमोर काढलं की माझं डोकं फिरायचं. आताही फिरतं. म्हणून तर हे सांगताना मलाच लाज वाटते.

गॅरेजच्या मागे एक खोली होती, तिथे मी आणि तुळसा राहायचो. मधे नुसती पत्र्याची भिंत. तुळसा बाळकुमची, मिठागरावर वाढलेली. छाती अशी की लाकडं ओली का असेनात, फुंकणीतून एकच फुंकर मारली की जाळ. आळीतल्या बायका चूल पेटेनाशी झाली की तिला बोलवायच्या. पोरबाळ आम्हाला झालं नाही. मी तोंडाचा फटकळ, ती माझ्यावर वरताण, आणि दिवसभर एकमेकांशी भांडल्याशिवाय आम्हाला करमायचं नाही. इंजिन चालू असलं की तिची हाक मला ऐकू यायची नाही. म्हणून जेवण तयार झालं की ती फुंकणीने पत्र्यावर तीनदा ठोकायची. ठक, ठक, ठक. मग मी हात धुवायचो.

चोपन्न सालच्या चैत्रात कल्याणचे गोपीनाथराव त्यांची मोटार घेऊन आले. कल्याण ते नाशिक उतारू नेणारी चार सिलिंडरची जुनी विलायती गाडी.

"मेस्त्री, कसाऱ्याच्या घाटात ही बया निम्म्यावर उभी राहते. उतारू खाली उतरून धक्का मारतात हो. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

मी नळी लावली आणि पाच मिनिटांत दुखणं सांगितलं. इंजिनाच्या कुशीला एक ओतीव नळा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. एका तोंडाने तो कार्बोरेटरकडून हवा-पेट्रोल घेतो आणि चार फाट्यांनी चार सिलिंडरना वाटतो. या गाडीचा नळा अरुंद, वर वाकडातिकडा. कडेची दोन सिलिंडरं कायम उपाशी.

"हा काढून टाकू. मी नवा ओतून देतो," मी म्हटलं. "रुंद गळ्याचा, चारही फाटे सारखे. घाट कसा चढते बघा."

"ओतून? तुम्ही? इथे?"

त्यांनी असं विचारलं नसतं तर कदाचित मी जुनाच नळा कानशीने घासून दिला असता. पण मला कोणी "तुम्ही?" म्हटलं की संपलंच.

२

नळा आतून पोकळ हवा, तर आधी त्या पोकळीच्या आकाराचा मातीचा गाभा करावा लागतो. गाभा साच्यात मधोमध ठेवायचा, भोवतीने वितळलेला धातू ओतायचा, आणि निवला की आतला गाभा फोडून काढायचा. माती, रेती आणि गुळाचं पाणी यांचा मेळ चुकला की गाभा तडकतो. माझे दोन तडकले. शेवटी तुळसाच पदर खोचून पुढे आली.

"उठा तितशी. दहा चुली घातल्यान मी या हातांनी. तुमचा यो नला काय मोठा लागून गेला!"

खाडीची माती तिने बाळकुमहून स्वतः आणलेली. मळली, वळली, एक गळा आणि चार फाटे काढले आणि माझ्यापुढे धरून हसली. "बगा. हाताचा पंजाच झाला."

तो ओला असतानाच तिने उचलून उलटा केला. तिची बोटं आत रुतली आणि पाच खळगे पडले.

"अगं बये, काय केलंस!" मी ओरडलो. "या खळग्यांत धातू भरेल, आतून टेंगळं येतील. हवेला आडवी."

"र्‍हाऊ द्या. माजी निशानी," ती म्हणाली.

वैशाखात अंगणातल्या भट्टीवर मी लढाईनंतर लिलावात काढलेल्या डिस्पोजलच्या भंगारातले पिस्टन वितळवले आणि ओतलं. नळा असा साफ उतरला की मी तो तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांवर घेऊन शेजाऱ्यांना दाखवला. तारेने खरवडून गाभा काढला. गळ्याच्या आत, फाटे जिथे जुळतात तिथे, तिच्या बोटांची पाच टोकं धातूत वर आलेली दिसत होती. कानस तिथवर पोचेना. म्हटलं, राहू दे.

पण वळणात कुठेतरी जळक्या मातीचा एक गोळा अडकलेला, तो निघेना. मी तोंड लावून फुंकलं, चेहरा लाल झाला, काही नाही. तुळसा हसत सुटली. "सरका. बिडी फुकून काय राहिलंय तुमच्यात?" तिने चुलीजवळची फुंकणी आणली, गळ्याच्या तोंडावर बसवली. तीन फाटे मी हातांनी दाबून धरले, चौथा मोकळा. तिने छाती भरून घेतली आणि फुंकलं.

मोकळ्या फाट्यातून काही आलं नाही. ना माती, ना वारा.

ती फुंकतच राहिली. तिचे गाल आत गेले. ती आता फुंकत नव्हती, तरी फुंकणी ओठांपासून सुटत नव्हती. दोन पळं असतील, जास्त नाही. मी म्हटलं, "पुरे गं, प्यायलीस की काय सगळी?" आणि हसलो. हो, मी हसलो. मग फुंकणी सुटली आणि ती मागे बसली, डोळे मोठे करून.

"काय झालं?"

"काय नाय," ती म्हणाली. "भायेर तं काय नाय आलं. गेलं सगलं."

नळा हलवून बघितला. आत काही वाजत नव्हतं. मला वाटलं, गोळा फुटून भुगा झाला असेल.

३

गाडीला नळा बसवला आणि घोडबंदर रस्त्याला काढली. काय सांगू! अ‍ॅक्सिलरेटर पायाने नुसता चाळवला की गाडी उसळायची. गोपीनाथराव माझ्या शेजारी बसून आरोळ्या मारत होते. "मेस्त्री, तुमचे हात सोन्याने मढवले पाहिजेत!" मीही छाती फुगवून बसलेलो.

परत येऊन किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं. सवयीने मी नळी कानात घातली आणि मॅनिफोल्डला लावली. आत हवा चाललेली. बंद इंजिनात. आत जात होती, थांबत होती, बाहेर येत होती. तापलेला धातू निवताना आवाज करतोच, हे मला ठाऊक आहे. मी नळी काढली आणि बॉनेट लावलं.

मागे गेलो तर तुळसा उंबऱ्यावर बसलेली. हंडा लवंडलेला, पाणी खोलीभर. तिचे खांदे वरखाली होत होते.

"नलावरून येतावर... एकदम... कोनी छातीवर बसल्यागत," ती म्हणाली. हे एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं.

४

पाऊस लागला आणि तिचं वाढत गेलं. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, जळक्या रेतीची धूळ छातीत गेली असेल, चुलीचा धूर बंद करा. मला पटलं. धूळ जाते, छाती बिघडते, यात न पटण्यासारखं काय आहे? माझाच गाढवपणा, मी तिला फुंकायला लावलं. मी रोज स्वतःला शिव्या घालायचो आणि तिच्यावर खेकसायचो, "झोपून राहा म्हटलं ना!"

पण तिच्या दुखण्याला ठरलेली वेळ होती. सकाळी आठपर्यंत बरी. मग सुरू व्हायचं. अकराच्या सुमाराला तर बघवत नसे. ओठ निळे, मान ताणलेली, दोन्ही हातांनी पाट धरून बसायची. अर्ध्या तासाने उतार पडायचा. तसंच पुन्हा दुपारी चारला.

आषाढात गोपीनाथराव तेल बदलायला आले. मी सहज विचारल्यासारखं केलं.

"निघता किती वाजता?"

"आठच्या ठोक्याला. अकराला घाटाच्या तोंडाशी. आणि मेस्त्री, साडेअकराला माथ्यावर! परतताना उतार, चारला लागतो मी घाट उतरायला. उतारावर गिअरमध्ये टाकली की हवा कशी खेचते!"

मी हसून म्हटलं, छान. मग मनाशी म्हटलं, विश्राम, तू म्हातारीकोतारी झालास का? योगायोग असतात.

श्रावणात त्यांच्या गाडीची क्लचप्लेट गेली आणि गाडी चार दिवस कल्याणला उभी राहिली. त्या चार दिवसांत तुळसा उठली. बाजारातून बोंबील आणले, कालवण केलं, माझ्याशी कडकडून भांडली. तिने पत्र्यावर तीनदा ठोकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाचव्या दिवशी सकाळी आठला तिच्या हातातली थाळी पडली.

५

मी गोपीनाथरावांना निरोप धाडला की नळ्याला तडा असणार, गाडी घेऊन या. ते आले. तडा कुठला असायला? मी नवा नळा काढला, जुना चढवला. ते हिरमुसले. "पुन्हा धक्का मारायला लावणार म्हणा," एवढंच बोलून गेले. त्यांच्याशी खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. माझी बायको जात होती.

नवा नळा गॅरेजातल्या फळीवर ठेवला. वाटलं, सुटलो.

अकराचा तो जीवघेणा तडाखा थांबला खरा. पण आता तिला दिवसभर थोडी थोडी धाप लागलेली असायची. भाकरी थापताना, बोलताना, नुसतं बसल्या बसल्या. कमी नाही, जास्त नाही. गाडीवर निदान चार फाटे इंजिनाला जोडलेले असायचे, फळीवर पाची तोंडं उघडी.

फळीवर माझ्या हत्यारांजवळ ती रोज सकाळी उदबत्ती लावायची. एका सकाळी मी स्टूलवर बसून बिडी पेटवत होतो. उदबत्तीचा धूर सरळ वर जाता जाता वाकला आणि नळ्याच्या तोंडात गेला. मग थांबला. मग बाहेर आला. पुन्हा आत. मी दार लावलं, खिडकीला पोतं लावलं. वारा बंद. धूर आत, बाहेर. पत्र्यापलीकडून तुळसाच्या श्वासाची घरघर येत होती. आत, बाहेर. दोन्ही एकाच वेळी.

मी नळा उन्हात नेला आणि गळ्यातून पाहिलं. ती पाच टोकं. मागे ती फाट्यांच्या जोडापाशी होती, माझी कानस तिथे पोचली नव्हती. आता ती तोंडापासून चार बोटांवर होती. मी तेव्हा मोजमाप घेतलं नव्हतं, माझी चूक असू शकते. पण कानस आता आरामात पोचली असती.

कानस लावायचा मला धीर झाला नाही.

६

हातोडा उचलून मी नळ्यावर हलकाच एक टोला दिला. पत्र्यापलीकडे तुळसा "आई गं" करून ओरडली. मी हातोडा ठेवला. फोडायचा नाही, वितळवायचा नाही, हे मला कळलं.

मग मी माझ्या अकलेने विचार केला. आयुष्यभर केलेलं काम ते. हवा जिथून गळते तिथे बूच मारायचं. तिचा श्वास या नळ्यातून जातोय ना? मग याची तोंडं बंद कर. सागाची पाच बुचं मी कानशीने घासून बेताची केली, मेण लावलं आणि ठोकून बसवली. चार फाटे आधी. तोवर आतून धाप वाढत चाललेली. "अवो," ती पत्र्यापलीकडून म्हणाली, "अवो, काय करताव?" मी पाचवं बूच उचललं. गळ्याचं बूच लावलं आणि तीन टोले हाणले. अगदी घट्ट. हत्याराशिवाय निघणार नाही असं.

धाप थांबली.

मी धावत मागे गेलो. ती चटईवर पडलेली, डोळे मिटलेले. पदराखाली छाती हलताना दिसेना. मी तिचं नाव घेत हलवलं. तिने डोळे उघडले आणि उठून बसली.

"आता बरं वाटतं," ती म्हणाली. मग म्हणाली, तांदूळ संपलेत, रॉकेल आणायचं आहे, परसातली दोरी तुटली आहे, बाळकुमला भावाकडे जाऊन यायचं आहे. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, मध्ये कुठेही न थांबता. महिनेच्या महिने तीन शब्दांवर थांबणारी बाई! मी तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडलो. ती माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टर म्हणाले, चमत्कार आहे. त्यांनी छातीला नळी लावली, जरा जास्तच वेळ लावली, मग नळी बदलून आणली. "पावसाने ही रबरं खराब होतात," असं काहीतरी पुटपुटले.

त्या दिवसापासून तुळसा चूल फुंकायची नाही. सुपाने वारा घालायची. म्हणायची, छातीला नको. बरोबरच होतं. भांडायचीही नाही. जेवणाची वेळ झाली की पत्र्यावर ठोकण्याऐवजी गॅरेजात येऊन माझ्या मागे उभी राहायची, आणि मला ती आलेली कळायची नाही. मला, ज्याला बंद गाडीतला आवाज ऐकू येतो, त्याला.

७

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, कानशी, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही. हत्यारांना विश्रांती. माझा बाकी कशावर विश्वास नव्हता, पण हे मी वडिलांच्या हातून शिकलेलो, कधी मोडलं नाही. मिलिटरीतसुद्धा त्या दिवशी पोटदुखीचं सोंग केलेलं.

तुळसाने पाट मांडला. फळीवरचा नळाही तिने पाटावर मधोमध ठेवला होता, पाची बुचांना कुंकू लावून. सकाळचे दहा. मी निरांजन ओवाळत होतो.

ठक, ठक, ठक.

मी थांबलो. तुळसा माझ्या शेजारी हात जोडून उभी होती. फुंकणी चुलीपाशी होती, इथून दिसत होती.

ठक, ठक, ठक.

लाकूड सुकलं की आकसतं, तडतडतं. मी रबराची नळी कानात घातली, दुसरं टोक गळ्याच्या बुचावर टेकवलं. नळी काही हत्यार नव्हे. आतून बुचावर कोणीतरी तीनदा ठोकत होतं, थांबत होतं, पुन्हा ठोकत होतं. जेवण झालं, हात धुवा, या, असं. आणि त्याच्या मागे बारीक, अगदी बारीक घरघर. मी चार महिने ती पत्र्यातून ऐकलेली. ती मला कुठेही ओळखू आली असती.

मग मला सगळं उलगडलं. धाप लागलेली होती तीच तुळसा. फुंकताना आत ओढली गेलेली, नळ्यातून वाट काढत होती, एकेक बोट तोंडाकडे येत होती, आणि जेवढी बाहेर आलेली तेवढ्यावर माझ्याशी भांडत होती. मी तिच्या तोंडावर बूच ठोकलं होतं.

पान्याने बूच पिरगाळलं तर एका मिनिटाचं काम. पाना पाटावर होता, हळदकुंकू लावलेला. माझा हात पुढे गेला.

"आज हत्यार उचलायचं नाही," शेजारून आवाज आला. "उद्या बघा."

मी तिच्याकडे पाहिलं. गालावर रक्त, डोळे स्वच्छ, पाय जमिनीवर घट्ट. चार महिन्यांत इतकी धडधाकट मी तिला पाहिली नव्हती. आणि मी हात मागे घेतला. वडिलांची रीत म्हणून घेतला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं सांगू? बूच काढलं तर पुन्हा ते निळे ओठ, ती ताणलेली मान. आणि शेजारी उभी होती तिचं काय होईल, ती माझ्याशी काय करेल, कोण जाणे. मी भ्यालो. रीत होती म्हणून मला भिता आलं.

दिवसभर नळ्यातली ती ठोकत होती. मी पाटासमोर बसून होतो. दुपारी जेवलो, पुन्हा येऊन बसलो. दिवेलागणीला तीन ठोक्यांचे दोन झाले. मग एक.

८

दसऱ्याच्या सकाळी उजाडल्या उजाडल्या मी पाना घेतला आणि गळ्याचं बूच काढलं. बुचाचं आतलं टोक ओलं होतं आणि त्यावर नखांच्या बारीक रेघा होत्या. गळ्याच्या अगदी काठाशी, नुसत्या डोळ्यांना दिसतील अशी, ती पाच टोकं. चार एका बाजूला, अंगठा समोर. काठ धरल्यासारखी. मी त्यांवर माझी बोटं ठेवली. ती गार होती.

उदबत्ती लावून तोंडाशी धरली. धूर सरळ वर गेला. मी बाकीची चारही बुचं काढली, तोंड लावून हाक मारली, "तुळसे, अगं तुळसे," तोंड दुखेस्तोवर. धूर सरळच जात राहिला.

मागच्या खोलीतली ती माझ्या पाठीशी येऊन उभी होती. किती वेळ, मला माहीत नाही.

"जेवायला चला," ती म्हणाली.

"चूल पेटली?"

"पेटेल."

मी तिच्या मागोमाग आत गेलो. चुलीत राख होती, राखेखाली दोन निखारे. मी फुंकणी उचलून तिच्या हातात दिली. "एकदा फुंक," मी म्हटलं. "माझ्यासाठी. एकदाच."

तिने फुंकणी ओठांना लावली, गाल फुगवले आणि माझ्याकडे बघत फुंकायला लागली. राखेचा कण हलला नाही. ती फुंकत होती. बाहेर कोणीतरी सोनं वाटत होतं, पोरं ओरडत होती. निखारे काळे पडले. ती फुंकतच होती, मध्ये एकदाही न थांबता, आणि डोळे माझ्यावर.

शेवटी मीच म्हटलं, "पुरे."

तिने फुंकणी जागेवर ठेवली आणि पाट मांडला. "बसा," ती म्हणाली, "वाढते."

मी हात धुतले आणि बसलो. दुसरं काय करणार होतो?